लहान मोटारीची दुखणी आणि त्यांचा खर्च
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर लोणच्यांवर बोलणे झाले, बाळंतिणीच्या आहारावर झाले, पोस्टातल्या बचतीवर झाले. आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिले आहे. हसू द्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोटार मला चालवता येत नाही आणि या वयात शिकण्याचा विचारही नाही. पण मोटार घरात आली की तिच्यामागून तिचा खर्च येतो, आणि घरखर्चाची वही आमच्याकडे माझ्या हाती आहे. गेली चार वर्षे त्या वहीत मोटारीचे निराळे पान आहे. आज मी सांगणार ते त्या पानावरचे आणि मिस्त्रीच्या दुकानात स्टुलावर बसून जे पाहिले-ऐकले त्यातले.

आमच्याकडे मोटार हौसेने आलेली नाही, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. सासूबाईंची मूत्रपिंडे काम करीनाशी झाली आणि आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस सुरू झाले. सकाळी सहाला निघायचे, चार तास त्या यंत्राशेजारी पडून राहायचे, आणि परतताना त्यांच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण नसे. रिक्षाला जाऊन-येऊन चारशे रुपये पडत, आणि पावसात ती मिळेलच असा भरवसा नाही. म्हणून २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही २०१३ सालची एक लहान मोटार एक लाख पंचावन्न हजारांना घेतली. तेव्हा आमच्या घरी गाडी बंद पडली म्हणजे सहल चुकली असे होत नाही, सासूबाईंचा वार चुकतो. वार चुकला की दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजतात, दम लागतो. मी या मोटारीत एवढे लक्ष का घालते असे कुणी विचारले तर कारण एवढेच आहे.

आपल्या देशात अशी लहान गाडी मध्यम घरांपर्यंत नेली ती मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन. मागून सँट्रो, अल्टो, वॅगन आर अशा कितीतरी आल्या. या गाड्यांचा मोठा गुण असा की त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कोणत्याही मिस्त्रीचा हात त्यांवर बसलेला असतो. मोठ्या गाडीचा आरसा फुटला तर तो पुण्याहून मागवावा लागतो म्हणे.

आता आपल्या सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचे आधी सांगते. जुनी गाडी घ्यायची तर ती पुरात बुडालेली नाही ना, हे प्रथम पाहावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पाण्यात किती मोटारी छपरापर्यंत बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतल्या काही धुऊनपुसून, अत्तर मारून पुढे बाजारात आल्या. आम्ही पाहिलेली पहिली गाडी दिसायला नवरीसारखी होती. पण माझ्या मामांनी सांगून ठेवले होते की सीटचा पट्टा पूर्ण, अगदी टोकापर्यंत ओढून पाहा. ओढला, आणि आतल्या वीतभर भागावर गढूळ पाण्याची रेघ! पट्ट्याचा तो भाग कुणी धूत नाही. पायाखालची सतरंजी उचलून हात फिरवावा, जादा चाकाची खाच पाहावी, काचा लावून पाच मिनिटे आत बसावे आणि वास घ्यावा. ओल्या गोणपाटाचा वास बायकांच्या नाकाला लपत नाही.

आणि आपली स्वतःची गाडी पाण्यात राहिली असेल तर, भगिनींनो, एक करावे: किल्ली फिरवू नये. घरातले पुरुष हमखास म्हणतात, चालू होते का बघू तरी. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की आतला दांडा वाकतो, आणि चार-सहा हजारांत सुटणारे काम चाळीस-पन्नास हजारांवर जाते. साध्या विमा पॉलिसीत अशा इंजिनाचा खर्च बहुधा देत नाहीत. त्यासाठी इंजिनाचे वेगळे कलम आधी घ्यावे लागते. बॅटरीची तार काढावी आणि गाडी ओढून न्यावी. नदीकाठच्या गल्ल्यांतल्या बहिणींनी हे घरच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल.

रोजच्या दुखण्यांत पहिला मान बॅटरीचा. थंडीच्या सकाळी किल्ली फिरवली की नुसते कट्‌कट् वाजते आणि दिवे मिणमिणतात. बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. पण आवाज झाला की लगेच नवी घेऊ नये. आधी तिच्या दोन खुंट्या पाहाव्या. तिथे पांढरे-हिरवे बुरशीसारखे साचते आणि वीज नीट जात नाही. तार सोडवून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने ब्रशने घासायचे, कोरडे करायचे, व्हॅसलिनचे बोट लावायचे. खर्च शून्य. आमची जुनी बॅटरी यावर आणखी आठ महिने चालली. नवी घेतली ती जुनी देऊन ३,९०० रुपयांना. जुनी परत देताना तिचे पैसे वजा करून घ्यावे. न मागता कुणी देत नाही.

दुसरे दुखणे क्लचचे, आणि हे बरेचसे चालवणाऱ्याच्या पायाने येते. चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची, सारखा पाय वर ठेवायचा, यामुळे क्लचप्लेट झिजते. खूण अशी: इंजिन ओरडते पण गाडी पुढे ओढत नाही, आणि जळक्या दोरीसारखा वास येतो. आमच्या गाडीचे मजुरीसह ६,४०० रुपये झाले. तेव्हापासून यांचा डावा पाय क्लचवर विसावला की सासूबाई मागून म्हणतात, "पाय काढ." त्यांना क्लच म्हणजे काय ते ठाऊक नाही, सहा हजार चारशे ठाऊक आहेत.

आता इंजिन तापण्याचे. हे जरा सविस्तर सांगते, कारण घरे बुडतात ती इथे.

इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी फिरत असते. त्यात कूलंट नावाचे रंगीत औषध घालतात म्हणजे गंज धरत नाही. ते पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, गार होते आणि त्याला वारा घालायला विजेचा पंखा असतो. हे सारे दाबाखाली चालते, आपल्या कुकरसारखे. म्हणून तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणे. तोंड भाजते, डोळे जातात. समोरच्या घड्याळात उष्णतेचा काटा असतो. काही गाड्यांत काटा नसून लाल दिवा असतो. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाईने रस्त्याकडे पाहण्यापेक्षा अधूनमधून त्या काट्याकडे पाहावे.

२०२४ च्या मे महिन्यात मिरजेहून परतताना रेल्वे फाटकापाशी गर्दीत तो काटा वर चढू लागला. मी गाडी थांबवायला लावली. हे म्हणाले, घर दोन मैलांवर आहे, जाऊ तसेच. मी सासूबाईंना उतरवून झाडाखाली बसवले, मग यांचा नाइलाज झाला. गाडी बंद करून पाऊण तास थांबलो, झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. मग सावकाश एका मोठ्या गॅरेजात नेली. नाव घेत नाही. तिथे पंखे आहेत, गार पाण्याचे यंत्र आहे. त्यांनी बॉनेट वर करून पाच मिनिटांत सांगितले, "हेड गॅस्केट गेले आहे. इंजिन खोलावे लागेल. चोवीस हजार."

चोवीस हजार! माझी भिशी लागणार होती ती वीस हजारांची, आणि ते पैसे धाकटीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी होते. शिवाय गाडी आठ दिवस ठेवावी लागेल म्हणाले, म्हणजे सासूबाईंचे दोन वार.

भगिनींनो, हेड गॅस्केट जाते म्हणजे काय, ते मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रींनी पूर्वीच एकदा दाखवले होते, दुसऱ्याच कुणाच्या गाडीवर. इंजिनाचे दोन भाग जिथे जोडतात तिथली ती पट्टी फाटली की पाणी तेलात मिसळते. तेलाची पट्टी बाहेर काढली तर तेल ताकासारखे पांढरट, फेसाळ दिसते. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सारखा येतो. मी त्या गॅरेजवाल्यांना म्हटले, "तेलाची पट्टी काढून दाखवा." तर ते यांच्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, वहिनींना आत पंख्याखाली बसवा." मी बसले नाही. पट्टी काढली. तेल काळेच होते, ताक कुठेच नव्हते. मी विचारले, "पंखा फिरतो का?" कुणी उत्तर देईना. आम्ही गाडी तिथून काढली आणि संध्याकाळच्या थंडाव्यात हळूहळू आमच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी इंजिन चालू ठेवले, काटा अर्ध्याच्या वर जाऊ दिला, आणि आम्ही तिघे त्या पंख्याकडे पाहत उभे राहिलो. पंखा ढिम्म. त्याची मोटार जळली होती. चालत्या रस्त्यावर वाऱ्याने इंजिन गार राहते, गर्दीत उभे राहिले की तापते, याचा उलगडा तिथे झाला. नवी मोटार आणि मजुरी मिळून २,३५० रुपये. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घरी. सासूबाईंचा वार चुकला नाही, आणि धाकटी अकरावीला गेली.

मात्र हेही खरे की आम्ही तसेच दोन मैल हाकत नेली असती तर गॅस्केट खरोखरच गेले असते आणि त्या गॅरेजवाल्यांचे बोल खरे झाले असते.

ब्रेकचे थोडक्यात. लहान गाडीला पुढे पॅड आणि मागे लायनर असतात. चीं-चीं आवाज झाला की पॅड संपत आले. त्या वेळी बदलले तर हजार-बाराशेत काम. आमचे १,२५० झाले. पुढे लोखंडावर लोखंड घासून खर्‌खर् वाजू लागले की तबकडीही बदलावी लागते आणि खर्च दुपटीतिपटीवर जातो. ब्रेकचे तेल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे. यात काटकसर नको, बरे का.

टायरविषयी एवढेच की त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुकानदार नवा म्हणून चार वर्षांचा पडून असलेला टायर देऊ लागला तर आपल्याला वाचता आले पाहिजे. चारही बदलायला आम्हाला १२,४०० रुपये पडले. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी पुढच्या चाकांचे रबरी बुश आणि लिंक रॉड खिळखिळे होतात, गतिरोधकावर खट्‌खट् वाजते. त्याचे ३,२०० झाले. हा खर्च खरे तर नगरपालिकेला पाठवावयास हवा, पण असो.

उंदरांचे दुखणे मात्र पुस्तकात नसते. इंजिन ऊबदार, वर झाकण, आत शिरायला खालून मोकळे. गेल्या श्रावणात चार दिवस गाडी उभी राहिली, तेवढ्यात तारा कुरतडल्या. १,८०० रुपये. कुणी तंबाखूची पाने बांधतात, कुणी डांबरगोळ्या ठेवतात. माझ्या मते खरा उपाय म्हणजे गाडीशेजारी धान्याची पोती आणि खरकटे ठेवू नये, आणि गाडी एकाच जागी आठ-आठ दिवस उभी करू नये. थंडीत मांजरही उबेसाठी आत जाऊन झोपते, म्हणून सकाळी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्या.

पावसाच्या आधी वायपरचे रबर पाहावे. उन्हाने ते तडकलेले असते. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात, त्यांतून पाणी निथळते. ती चिखलाने बुजली की दार आतून गंजते. केसातली पिन घेऊन मोकळी करावी. हे काम मी स्वतः करते.

हल्ली पेट्रोलची चर्चा फार चालते. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसापासून होते, तेव्हा आपण कोल्हापूर-सांगलीकरांनी त्याला नावे ठेवणे कठीण. पण त्याने गाडी लिटरला थोडे कमी अंतर जाते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्या हिशेबाने केलेल्या नाहीत. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना त्याची काळजी नाही. ज्यांची गाडी आमच्यासारखी जुनी आहे त्यांनी वर्षातून एकदा त्या नळ्या तपासून घ्याव्या, पेट्रोलचा वास आला तर लगेच दाखवावे. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साचवू नये.

गॅरेजात बोलायचे कसे, याविषयी दोन शब्द. काम सांगण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, त्यात भाग वेगळे आणि मजुरी वेगळी. नव्या भागाच्या खोक्यावर किंमत छापलेली असते, ते खोके मागून घ्यावे. काढलेला जुना भागही मागावा; घरी आणून त्याचे काही करायचे नसते, पण आपण मागणार हे कळले की न बिघडलेला भाग बदलला जात नाही. मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेकांवर अठ्ठावीस होता. तेव्हा बिल पाहताना तो आकडाही पाहावा. आणि "साहेबांना पाठवा" असे कुणी म्हटले तर म्हणावे, साहेब पैसे माझ्याकडूनच घेऊन येतात.

आता वहीतली बेरीज. चार वर्षांत तेल, फिल्टर आणि वार्षिक देखभाल ११,६००. बॅटरी, क्लच, ब्रेक, टायर, पंखा, उंदीर आणि बुश यांचे आकडे वर सांगितलेच. वायपर दोन वेळा मिळून ९००, एसीचा गॅस एकदा १,९००, पंक्चर आणि किरकोळ १,७००. एकूण ४७,४००, म्हणजे महिन्याला हजाराच्या आत. यात पेट्रोल आणि विमा नाही. गाडीला २०२८ मध्ये पंधरा वर्षे होतील, तेव्हा तपासणी करून नोंदणी पुन्हा करावी लागेल. त्यासाठी मी आतापासून महिना दोनशे वेगळे टाकते आहे.

एक सोपा उपाय राहिला. रात्री गाडीखाली रद्दीचा मोठा पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी त्यावरचे डाग पाहावे. काळे-तपकिरी असेल तर इंजिनाचे तेल. हिरवे किंवा लाल आणि पातळ असेल तर कूलंट. चाकाजवळ फिकट, बुळबुळीत असेल तर ब्रेकचे तेल, मग गाडी हलवू नये, मिस्त्रीला घरी बोलवावे. नुसते स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे, त्याला घाबरू नये.

पुढच्या शनिवारी चार वाजता आमची गाडी मंडळाच्या आवारात उभी असेल. मिस्त्री येणार आहेत आणि तेलाची पट्टी, कूलंटची बाटली, बॅटरीच्या खुंट्या प्रत्येकीला स्वतःच्या हाताने पाहायला मिळतील. येताना एक जुने फडके आणावे आणि चांगली साडी नेसून येऊ नये.